पडावाच्या दोन्ही अंगांना

६ जून १९५७, गुरुवार

हाताला हात न लावता हातकाम शिकवता येतं का? सकाळपासून हा प्रश्न मनात आहे आणि खरं सांगायचं तर मला त्याचं उत्तर येत नाही. कोल्हापूरला चार वर्षं राहून बी.ए. झाले, पण असलं काही तिथे कुणी विचारलं नव्हतं.

कणकवलीच्या गट कचेरीतून पत्र आलं आहे. मुंबईत फ्लूची साथ आहे, मालवण शहरातही ताप पोचला आहे, तेव्हा काथ्याकामाचा वर्ग चालू ठेवायचा की काही काळ बंद, हे संचालिकेने, म्हणजे मीच, ठरवावं. चालू ठेवल्यास 'योग्य ती खबरदारी' घ्यावी. ती कोणती, ते लिहिलेलं नाही. शेवटची ओळ मात्र स्पष्ट आहे. एकतीस जुलैला निदान दहा बायकांनी शिक्षण पुरं केलं नसेल, तर काथ्या कातायचे दोन्ही रहाट दुसऱ्या गावाला देण्यात येतील.

माझ्या पटावर बाराजणी आहेत. त्यांना घराबाहेर काढायला मला मार्च आणि एप्रिल पुरे लागले. एकेका सासूच्या अंगणात, खळ्यात जाऊन बसले. आता वर्ग बंद केला तर पुन्हा कुणी पाठवणार नाही. चालू ठेवला आणि कुणाला काही झालं, तर ते माझ्या डोक्यावर.

नारळाच्या सोडणांतून काथ्या काढून त्याचा सुंभ वळणं हे खाडीकाठचं जुनं काम, पण ते सांगून येत नाही. तुळसाकाकी शिकणारणीचे दोन्ही तळवे आपल्या तळव्यांत धरते, तेव्हा कुठे पीळ कळतो. कचेरीच्या कागदांत ती 'मदतनीस' आहे, कारण तिला सही येत नाही. शिक्षिका म्हणून नाव माझं. खरं तर मीसुद्धा तिच्याकडूनच शिकते आहे.

८ जून, शनिवार

जागेचा प्रश्न बाबांनी सोडवला. शाळेच्या खोलीत दाटीवाटीने बसणं बरं नाही, असं मी जेवताना म्हणत होते.

"मगे पडावाच्या खोपीत बसा," बाबा म्हणाले. "दोनय तोंडां उघडी. वारो सरळ आरपार जाता."

"पडाव आहे ना तिथे?"

"आसा तर आसा. तो चार महिने निजतलो. तुमच्या बडबडीन उठाचो नाय."

बाबा पडावावर तांडेल आहेत. पावसाळ्यात ते शिडाचं तारू किनाऱ्यावर ओढून त्यावर नारळीच्या झापांचं छप्पर शाकारतात, ती ही खोप. आज जाऊन पाहिली. मधोमध पडाव, दोन्ही अंगांना लांबच लांब वाट. बाबांनीच सुचवलं की सहाजणी जमिनीच्या अंगाला बसवाव्यात आणि सहाजणी दर्याच्या अंगाला. रहाटही एकेक दोन्हीकडे. रहाटावर कातायला मागे मागे चालत जावं लागतं, त्यामुळे बायका आपोआपच एकमेकींपासून लांब राहतील. मला इतका आनंद झाला की बाबांच्या पाया पडावंसं वाटलं. ते चिडतात म्हणून पडले नाही.

दुपारी बायकांना जमवून फळ्यावरचे नियम वाचून दाखवले. दोघींत पाच हात अंतर. तोंडावर धुतलेलं फडकं. आल्यावर आणि जाताना साबणाने हात धुणं. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा की स्वतःला किंवा घरात कुणालाही ताप-खोकला असेल, तर सात दिवस यायचं नाही आणि ते लपवायचं नाही.

"तोंड बांधून बसायचा?" तुळसाकाकी म्हणाली. "मग मी शिकवतलंय काय, मुक्यांक?"

"काकी, तुजा तोंड बांधल्यार गावाक वायच सुख," विमला म्हणाली आणि सगळ्या हसल्या. काकीही हसली, पण फडकं बांधलं सगळ्यांत आधी तिनेच.

९ जून, रविवार

भाई, माझा भाऊ, अचानक मुंबईहून आला. कणकवलीपर्यंत एस्टीने आणि पुढे जमेल तसा. खोकतो आहे, डोळे लाल आहेत. मी लगेच विचारलं, ताप आहे का? आये म्हणाली, "ताप कसलो? घाटातलो गारठो लागलो. निजान उठलो की बरो होतलो." त्याच्या गिरणीत निम्मे लोक आजारी आहेत म्हणे. तो मात्र त्यातून सुटला, हे नशीब.

११ जून, मंगळवार

वर्ग फार छान चालला आहे. लावणीचे दिवस असूनही बायका सकाळी शेतात जाऊन दुपारी दोनला हजर असतात. सावित्रीला सातवा महिना आहे, तिला लावणीला वाकवत नाही, म्हणून ती सगळ्यांच्या आधी येऊन बसते. नवरा मुंबईला. सासू रुक्मिणीमामी कडक, पण "जानकी आसा थय, ता शिकलेला आसा," असं माझ्याविषयी म्हणून तिने सुनेला पाठवलं. सावित्रीने पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं की तिला पाळण्याची दोरी स्वतःच्या हातची करायची आहे. बाजारातली नको. दोन हात झाली आहे.

आज काकीचे हात नीट पाहिले. काथ्याचा पुंजका घेते, तोंडावरचं फडकं हनुवटीखाली करते, तळव्यावर किंचित थुंकी लावते आणि दोन तळव्यांत काथ्या फिरवते. एवढ्यात पीळ धरलेला असतो. मग ते सुरुवातीचं टोक शिकणारणीच्या हातात देते आणि तिथून पुढे रहाटाच्या आकड्याला. पाणी का लावत नाहीस, असं मी विचारलं.

"पाण्यान काथो रुसता," ती म्हणाली. "थुकी लावल्याशिवाय तो आयकणा नाय. तुमच्या कोल्हापुराक होता काय असला पुस्तक?"

तिच्या त्या खरबरीत, ओलसर हातांकडे पाहताना वाटलं की विद्या म्हणतात ती हीच. एका हातातून दुसऱ्या हातात सरळ जाणारी. काकी दोन्ही अंगांना फिरून बाराही जणींना असं टोक धरून देते.

१३ जून, गुरुवार

आये दोन दिवस मागच्या पडवीत निजते आहे. आत उकडतं म्हणते. एवढ्या पावसात कुणाला उकडेल? पण भाईला झोप लागावी म्हणून ती जागा सोडत असणार. आयांची मनं अशीच असतात. सकाळचा स्वयंपाक मीच केला. तिला जेवण नको होतं.

१४ जून, शुक्रवार

काकी आज बहिणीकडे मसुऱ्याला गेली होती, त्यामुळे सगळं शिकवणं माझ्यावर आलं. सकाळपासून घसा धरला आहे, अंगही थोडं कसकसतं. सतत मोठ्याने बोलावं लागतं त्याचा परिणाम. फडक्यातून आवाज पोचत नाही म्हणून ते जरा खाली ओढून बोलले.

जमिनीच्या अंगापासून सुरुवात केली. टोक धरेना. तीनदा सुटलं. मग धीर करून काकीसारखी थुंकी लावून पाहिली आणि काय आश्चर्य, काथ्या खरंच ऐकला. सावित्रीला टोक धरून दिलं, मग विमलाला, मग सीताला. तिघींचे हात हातात घेऊन पीळ दाखवला. सावित्री म्हणाली, "आता तू खरी मास्तरीण झालंस." एवढ्यात पावसाची झड आत येऊ लागली आणि दर्याच्या अंगाच्या बायकांपर्यंत जायच्या आत वर्ग सोडावा लागला. त्या नाराज झाल्या.

आज प्रथमच वाटलं की मला काहीतरी येतं.

१७ जून, सोमवार

तिघी आल्या नाहीत. सावित्री, विमला आणि सीता. तिघींनाही ताप. विमला आणि सीताचं फार नाही, पण सावित्रीचं अंग फणफणलं आहे. मी दारातूनच विचारून आले. रुक्मिणीमामीने आत बोलावलं नाही.

एवढी काळजी घेऊन हे कसं झालं? हात धुतले, अंतर ठेवलं, खोपीत वारा आहे. कुणीतरी नियम मोडला असणार. घरचा ताप लपवून कुणी येत होतं का, हे मी उरलेल्या नऊजणींना एकेक करून विचारलं. सगळ्यांनी देवाची शपथ घेऊन नाही म्हटलं.

माझा घसा आता ठीक आहे. दोन दिवस जरा अंगदुखी होती, गवती चहाने गेली.

१९ जून, बुधवार

आता कळलं. मागची पानं चाळत होते, अकरा तारखेवर थांबले. 'तळव्यावर किंचित थुंकी लावते… ते सुरुवातीचं टोक शिकणारणीच्या हातात देते.' मी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, वर 'विद्या' असं नावही दिलं आहे. पाच हातांचं अंतर आखलं, साबण आणला, आणि डोळ्यांसमोर जे चाललं होतं त्याचं कौतुक करत बसले. पुढे वाचवेना. वही मिटली.

काकीला हे कसं सांगायचं? ती साठीच्या पुढची, विधवा, घरात एकटी. साऱ्या गावात तिच्या सुंभासारखा सुंभ नाही आणि तोच तिचा मान. 'तुझ्या थुंकीमुळे सावित्री आजारी पडली', हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की गावात त्याचं काय होईल, ते मला ठाऊक आहे. न सांगावं तर उद्या चौथी आजारी पडेल. उद्या सांगेन. नक्की.

२१ जून, शुक्रवार

काल धीर झाला नाही. आज शब्द पाठ करून गेले, पण त्यांची गरजच पडली नाही.

काकी माझ्या आधी खोपीत येऊन बसली होती. समोर बारा करवंट्या, घासून गुळगुळीत केलेल्या, प्रत्येकीत पाणी.

"ह्यां काय, काकी?"

"एकेकीची एकेक करवंटी. पाण्यात बोटां बुडवायची आणि काथो वळायचो. थुकी बंद."

"पाण्याने काथ्या रुसतो म्हणालीस."

"रुसांदे. मी म्हातारी झालंय, थुकी सुकली माजी." मग हातातलं काम न थांबवता म्हणाली, "तुजो घसो बसलो होतो मा, मी मसुऱ्याक गेलंय तेवा? बायलो सांगी होत्यो. बरो झालो?"

"तेव्हाच बरा झाला. बोलून बोलून बसला होता."

"हां," ती म्हणाली. "बोलान."

योगायोग पाहा, जे सांगायला मी दोन दिवस झुरत होते ते तिला आपोआप सुचलं. तिचं मन दुखवण्याची वेळ टळली. पाण्याने पीळ धरायला जरा वेळ लागतो, पण धरतो.

चौथी कुणी आजारी नाही. दर्याच्या अंगाच्या सहाजणी ठणठणीत आहेत. काकीने आज तेही मुद्दाम बोलून दाखवलं, का कोण जाणे.

२४ जून, सोमवार

वाईट दिवस. वर्ग चालू असताना रुक्मिणीमामी आली. भिजलेली, डोक्यावर इरलंही नाही. सावित्रीला श्वास लागतो आहे. मालवणहून डॉक्टर येऊन गेले. पोटातलं मूल हलतं आहे, पण चार दिवस जपा म्हणाले.

मामी माझ्याशी बोललीच नाही. पडावाला वळसा घालून सरळ काकीसमोर जाऊन उभी राहिली.

"तुळशे, तुज्या हाताचो गुण बघितलंय. सगळ्यांका थुकी लावन दोरयो दितंस. स्वतःचा घर बुडवलंस, आता माज्या सुनेचा बुडवतंस?"

दोन्ही रहाट फिरायचे थांबले. मला वाटलं काकी चार शब्द ऐकवील. तिचं तोंड गावाला माहीत आहे. पण तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, करवंटीतलं पाणी वाळूत ओतलं, काथ्याचा पुंजका पदरात बांधला आणि "येतंय गो," म्हणून निघून गेली. ते 'येतंय गो' माझ्यासाठी होतं.

मी फळ्याजवळ उभी होते. थुंकीची गोष्ट खरीच आहे, मग मी काय म्हणणार होते? तरी तोंडातून एक शब्द यायला हवा होता. आला नाही.

काकी गेल्यावर तिघीजणी उठल्या. आता सहा उरल्या आहेत. दहा हव्यात.

२६ जून, बुधवार

आज दुपारी आये विहिरीवर कळशी ओढताना मध्येच बसली. मी धावले. दम लागला होता. म्हटलं, आये, तुला बरं नाही का?

"आता बरी आसंय," ती म्हणाली. "तेवा नव्हतंय."

"तेव्हा म्हणजे कधी?"

तिने कळशी काठावर टेकवली. मग म्हणाली, "भाई तापानच इलो होतो. मगे माका इलो. म्हणान मागल्या पडवेक निजी होतंय, तुका लागाक नको म्हणान."

"मला का सांगितलं नाहीस?"

"तू फळ्यार लिवलंस मा, घरात कोणाक ताप आसात तर येऊचा नाय? बापूस सांगी होतो. मगे तू वर्गाक कशी गेली असतंस? आमच्या सात पिढयेत कोण शिकाक नाय. पयलीच नोकरी तुजी. ती माज्या तापान जाऊची होती?"

मी कळशी घरात आणून ठेवली, मग ही वही काढली आणि चौदा तारखेचं पान उघडलं.

२७ जून, गुरुवार

चौदा तारखेचं पान चार वेळा वाचलं. घसा. अंग कसकसणं. खाली ओढलेलं फडकं. सावित्री, विमला, सीता, याच क्रमाने. काकी त्या दिवशी गावातच नव्हती. तिची थुंकी तर वर्ग सुरू झाल्यापासून बाराही जणींच्या हाताला लागत होती, आणि त्या सगळ्या बऱ्या होत्या.

मी नऊजणींकडून शपथा घेतल्या. दहावी मी होते. मला कुणी विचारलं नाही.

२९ जून, शनिवार

कुणीच वर्गाला आलं नाही. मी एकटी खोपीत बसून सहा हात सुंभ वळला. वाईट झाला.

मनात आलं ते प्रामाणिकपणे लिहून ठेवते. गप्प राहिले तर कुणालाही कळणार नाही. काकी बोलणार नाही, आये बोलणार नाही. लोक आठ-पंधरा दिवसांत विसरतील आणि बायका परत आणून दहाचा आकडा पुरा करता येईल. उलट मी बोलले, तर कचेरी म्हणेल, जिला स्वतःचे नियम पाळता येत नाहीत तिच्या हाती वर्ग कशाला? हा विचार मी अर्धा तास केला. त्यापेक्षा जास्तच.

१ जुलै, सोमवार

सावित्रीचा ताप उतरला. काल संध्याकाळी पेज प्यायली. डॉक्टर पुन्हा येऊन गेले. बाळ ठीक आहे. हे ऐकल्यावर पडावाला टेकून रडले. बाबा झापं बदलत होते. त्यांनी पाहिलं आणि पाठ फिरवून काम करत राहिले.

विमला दळणाला जाताना भेटली. ती आणि सीता दोघी हिंडूफिरू लागल्या आहेत. "काकी येतली तर आमी येतलंव," म्हणाली. "तुज्या हातचो पीळ सुटता."

३ जुलै, बुधवार

क्रमाने लिहिते.

काल सकाळी रुक्मिणीमामीच्या खळ्यात गेले. ती तांदूळ निवडत होती. उभ्या उभ्याच सांगितलं की ताप माझ्या घरात होता. भाईला, मग आयेला, मग मला. मला ठाऊक नव्हतं, पण घसा दुखत असताना मी फळ्यावरचा नियम स्वतःला लावला नाही. काकी त्या दिवशी मसुऱ्याला होती. सावित्रीच्या हातात टोक दिलं ते मी, थुंकी लावून.

मामीने सूप खाली ठेवलं नाही. निवडता निवडताच म्हणाली, "तू शिकलेला म्हणान तुज्या भरवशार धाडलंय तेका." एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी वळले तेव्हा आतून सावित्रीचा आवाज आला. बारीक, पण तिचाच. "जानकी, माजी दोरी खंय आसा?"

"खोपीत आहे. रहाटाजवळ टांगून ठेवलीय."

"तीन हात झालीसा. अजून चार व्हयी."

मामी सूप पाखडत राहिली. मी खळ्याबाहेर पाऊल टाकल्यावर पाठीमागून म्हणाली, "तुळशीक सांग, ती दोरी पुरी करून दिवक व्हयी. मी सांगलंय म्हणान सांग." माफी मागण्याची तिची हीच रीत असावी.

तिथून काकीकडे. ती दारात बसून मांडीवर सुंभ वळत होती, आणि शेजारी करवंटी होती. घरी एकटी असतानाही. मी सगळं सांगितलं. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत.

"तुका ठाऊक होता?" मी विचारलं.

"मी शाळेत जाऊक नाय, पण इतका गणित येता. मी नव्हतंय त्या दिसाक तीन बायलांच्या हातात दोरी गेली, त्योच तीन पडल्यो. दर्याच्या अंगाक काय्येक नाय."

"मग मामी बोलली तेव्हा गप्प का राहिलीस?"

"माका लोक दोन शब्द बोलतले, चार दिसांनी गप रवतले. माका सवय आसा. तुका बोलले असते तर रहाट गेले असते." पीळ सुटला होता, तो तिने पुन्हा धरला. "आणि मगे ह्या गावातल्या दुसऱ्या चेडवाक कोण कोल्हापुराक धाडतलो?"

मी म्हटलं की आज दुपारी सगळ्यांसमोर सांगणार आहे आणि कचेरीला कळवणार आहे.

"शिकलंस, पण वायच येडाच रवलंस," म्हणाली आणि पदर खोचून उठली.

काकी येतेय हे कळल्यावर काल दुपारी खोपीत नऊजणी आल्या, विमला आणि सीता त्यांत होत्या. पडावाच्या मधोमध उभी राहून दोन्ही अंगांना ऐकू जाईल असं सांगितलं, पण फडकं खाली न ओढता. दर्याच्या अंगाकडून कुणीतरी म्हणालं, "आमच्याकडे इलंस नाय ता बरा झाला तर." कुणी हसलं, कुणी नाही. एकजण उठून गेली, ती परत आली नाही.

मग काकीने शिकवायला सुरुवात केली, आणि ती कशी, ते लिहिलंच पाहिजे. ती पडावाच्या पुढच्या टोकाशी, नाळेपाशी एका जागी बसली. रहाटाला लावलेल्या सुंभाला दोन बोटं नुसती टेकवून ठेवली. विमला वीस हातांवर, काथ्या सोडत मागे मागे चालत होती. काकी तिच्याकडे बघतही नव्हती, बाहेर खाडीकडे बघत होती.

"विमले, उजवो हात आवळतंस. सोड वायच."

विमलाने हात सैल केला. "तुका कसा कळला?"

"सुंभ सांगता माका. आता तू बोटां लाव. मी कसो सोडतंय ता बघ. डोळ्यांनी नको."

मग काकी काथ्या सोडत चालली आणि विमला बोटं टेकवून उभी राहिली. थोड्या वेळाने विमलाचा चेहरा बदलला. मीही बोटं टेकवून पाहिली. काकीच्या हातातला पीळ वीस हातांवरून चालत येतो आणि बोटांत सरळ कळतो. हात धरून कळायचा त्याहून चांगला. सहा जूनला जे विचारलं होतं त्याचं उत्तर खोपीत इतके दिवस आडवं पसरलेलं होतं. पण ते मी शोधलं असं म्हणता येणार नाही.

आज सकाळी पटाचा कागद भरला. हजेरी आठ. आजारी तीन होत्या, तिथे चार केल्या आणि सर्वांत वर माझं नाव घातलं, तारीख चौदा जून. 'कारण' या रकान्यात लिहिलं: 'घरात ताप असताना संचालिका वर्गात हजर राहिली. वर्गातील आजार तिच्यापासून. मदतनिसांकडे कोणताही दोष नाही.' मग 'मदतनिसांकडे' खोडून 'शिक्षिका श्रीमती तुळसा यांच्याकडे' असं केलं. खाडाखोड दिसते, पण नवीन कागद घेतला नाही.

काकीला वाचून दाखवलं. "माजा नाव खंय आसा?" तिने विचारलं. मी बोटाने दाखवलं. तिने अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं, सुंभावरून फिरवते तसं, आणि म्हणाली, "घट्ट लिवलंस. वायच सैल लिव."

टपालवाला धोंडू बारा वाजता मसुऱ्याकडे जातो. आज पाऊस होता म्हणून पाकिटाला मेण लावलं आणि त्याच्या हातात दिलं. तो साकवावरून पलीकडे जाईपर्यंत मी बघत होते. आता दोन वाजत आले आहेत. करवंट्या भरायच्या आहेत.